भोंग्यातले मामा

क्लॅरनेट वाजवून झालं की मामा समोरच्याचं मनगट धरायचे. हात उजेडाकडे वळवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि डाळीतला खडा शोधावा तशी हातावरची लव न्याहाळायचे. मग विचारायचे, "काटा आला का?" आलेला असला तर हात अलगद सोडून समाधानाने मान हलवायचे. नसला तर म्हणायचे, "बाह्या लांब हायेत तुमच्या. त्याच्यामुळं दिसंना."

माझ्या हातावर काटा यायचाच. मी आखूड बाह्यांचा शर्ट घालतो आणि स्वभावाने भित्रा आहे. या दोन्ही गोष्टी मामांना फार पसंत होत्या.

माझं दुकान पिंगळीत, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. भोंगे, ॲम्प्लिफायर, मोबाईल, टॉर्च, जे बिघडेल ते मी उघडून बसतो. शिवाय मेमरी कार्डात गाणी भरून देतो. हल्ली सगळं फोनवर मिळतं, तरी ट्रॅक्टरवाले, गिरणीवाले आणि आसपासच्या खेड्यांतली देवळं अजून माझ्या जिवावर गातात, असं मी म्हणतो. बायको म्हणते, उलटं आहे, तुम्ही त्यांच्या जिवावर जेवता. ते असो. हलवायाला गोड नको होतं तशी मला दिवसभराच्या आवाजानंतर शांतता लागते. अशा माणसाच्या वाट्याला मामा यावेत, याला नशीबच म्हणायचं.

मामा जवळच्याच एका खेड्यातले. आधी बँडवाले, मग शेतकरी. लहानथोर सगळ्यांचेच मामा. उंच आणि थोडे वाकलेले. हिवाळ्यात ते बँडचा जुना लाल कोट घालून शेताला पाणी द्यायला जात. खांद्यावरची सोनेरी झालर विरून गेली होती, पण रंग शाबूत होता. त्यामुळे सकाळच्या धुक्यात लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हरभऱ्यात कुणाची तरी वरात थांबलीय. बोलताना त्यांचा वरचा ओठ जरासा आत ओढला जायचा, कारण समोरचे वरचे दात नव्हते. त्या दातांची गोष्ट ते स्वतःच सांगायचे, आणि फार आवडीने सांगायचे.

उमेदीच्या वयात ते पाथरीकडच्या एका बँडमध्ये क्लॅरनेट वाजवत. चालू सिनेमातलं कुठलंही गाणं एकदा ऐकलं की दुसऱ्या दिवशीच्या लग्नात हजर. एका वरातीत नवरदेवाचे मित्र नाचत होते. नाचता नाचता एकाचं कोपर क्लॅरनेटच्या तोंडावर बसलं. "नळी आत गेली अन् दात बाहेर आले," मामा सांगायचे.

"मग वरात थांबली असेल," मी म्हणालो.

"वरात कशी थांबंल? मी थुकलो अन् अंतरा घेतला."

दात गेले आणि सूर बदलला. क्लॅरनेटवाला वरचे दात नळीवर टेकवून वाजवतो, म्हणून सूर जागेवर राहतो. मामांनी कवळी बसवून पाहिली, पण ती नळीबरोबर तोंडातल्या तोंडात वाजायची. शेवटी कवळी डबीत गेली आणि ते नुसत्या ओठांनी नळी धरायला लागले. ओठांनी धरलेला सूर एका जागी थांबत नव्हता. तो दोन सुरांच्या मधल्या फटीत उतरायचा आणि तिथंच घुटमळायचा. रडण्याच्या आधी माणसाच्या घशात जे काही होतं ते त्या नळीतून ऐकू यायचं. रडणं मात्र यायचं नाही. म्हणजे ऐकणाऱ्याचीही सुटका नाही.

दुसरा कुणी असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. मामा खूश झाले. "इतकी वर्षं दात आडवे येत होते," ते म्हणाले. "आता सापडलं."

बँडला मात्र ते सापडलेलं परवडेना. एका लग्नात नवरी सासरी निघाली होती. रीतीप्रमाणे आई रडत होती, मावशा रडत होत्या, नवरीही रडत होती. सगळं सुरळीत चाललं होतं. मामांनी पाठवणीचं गाणं धरलं आणि दुसऱ्या ओळीपासून ते गाणं त्यांच्या हातून निसटून कुठंतरी निघालं. नवरीचं रडणं थांबलं. तिने डोळे मोठे केले, कान दिला आणि मांडवाच्या खांबाला धरून मटकन खाली बसली. काही केल्या जीपमध्ये बसेना. मावशाही गप्प झाल्या. त्या शांततेत मुलीचा आजा काठी टेकत पुढे आला आणि म्हणाला, "काय वाजवायलेत हे? लेकरू भ्यायलंय की." त्याच दिवशी बँडच्या मालकाने मामांना बाजूला घेतलं. मालकाने चांगल्या शब्दांत सांगितलं, चहा पाजला, कोटही परत मागितला नाही.

मामा क्लॅरनेट घेऊन घरी आले. मला वाटतं, त्यांचं खरं वाजवणं तिथून सुरू झालं. दिवसभर शेत, आणि दिवे लागायच्या सुमाराला अंगणात वाजवणं. ऐकायला बोलावून माणसं आणायचे. माणसं यायची, खाली मान घालून थोडा वेळ ऐकायची आणि एकेक करून उठायची. कुणाला गुरं बांधायची आठवण व्हायची, कुणाची बायको आजारी पडायची. मामा नळी ओठांवरून न काढता एका हाताने थांबा अशी खूण करत. माणूस चालायलाच लागला तर वाजवणं थांबवून म्हणत, "थांबा की जरा. अजून आलं न्हाई."

"काय यायचंय, मामा?"

"ते शेवटाला येतंय. हे भ्याचं हाय ते नुसतं वाटेतलं हाय."

शेवटापर्यंत कुणी थांबलंच नाही. मीही नाही. आपण शूर आहोत असा माझा दावा कधीच नव्हता.

सगळ्यात आधी उठायच्या त्या मामी. त्यांच्या बायको. मामांनी नळी पुसायला फडकं काढलं की मामी सूप उचलायच्या आणि शेजारच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. सुपात निवडायला काही असो वा नसो. शेजारीण म्हणायची, "चालू झालं वाटतं." मामी म्हणायच्या, "हाव. बसते जरा." वाजवणं संपलं की परत. त्यावरून दोघांत भांडण कधी नव्हतं. पण एकदा दुकानात बसल्या बसल्या मामा मला म्हणाले, "भाऊ, सगळा गाव उठून जाऊ द्या. तिनं एकदा बसावं. एकदाच, पार शेवटापर्यंत. मग मी नळी माळ्यावर टाकतो."

आता तुम्ही म्हणाल, बायकोला आवडत नाही ते माणसाने वाजवावं कशाला? हे मीही विचारलं होतं. मामांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मुकाट्याने हातातला रेडिओ उघडला.

आमच्याकडे रानडुकरांनी शेतकऱ्याला किती बेजार केलंय हे इकडच्या माणसाला सांगायला नको. हुरड्यात आलेली ज्वारी एका रात्रीत आडवी. त्यावर उपाय म्हणून शेताच्या मधोमध बांबूला भोंगा बांधतात, खाली बॅटरी, त्याला टायमर. दिवस मावळला की कार्डात भरलेला आवाज आपोआप सुरू होतो. कुत्र्यांचं भुंकणं, वाघाची डरकाळी, फटाके, माणसांचा आरडाओरडा. हे सगळं मीच भरून द्यायचो. पहिले काही दिवस डुकरं येत नाहीत. मग ती त्या कुत्र्यांना ओळखायला लागतात. एका शेतकऱ्याने मला येऊन सांगितलं, "तुमची कुत्री भुंकायलेत वर, अन् डुकरं भोंग्याच्या बुडाला बसून कणसं खायलेत."

हे बोलणं चाललं होतं तेव्हा मामा बाकावर होते. शेतकरी गेल्यावर ते जवळ सरकले. "कुत्रं भुंकायलंय हे डुकराला समजतं. समजलं की भ्या गेलं. माझं वाजवणं काय हाय, ते मलाच अजून समजलं न्हाई. डुकराला कुठून समजंल?"

बोलण्यात तथ्य होतं. दोन दिवसांनी संध्याकाळी मी त्यांच्या शेतावर गेलो. शेताच्या कडेला त्यांचा आखाडा होता, म्हणजे गुरांचा गोठा आणि लगत एक खोली. मामा माझ्याकडे पाठ करून ज्वारीकडे तोंड करून उभे राहिले. मी फोन बांधावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मोटार बघून येतो म्हणून विहिरीकडे गेलो. तिथूनही ऐकू येत होतंच. ऊन नुकतंच उतरलं होतं. ताटं हलत नव्हती. सूर ज्वारीत शिरला आणि जणू प्रत्येक ओळीतून वाट काढत निघाला. बगळ्यांची एक रांग डोक्यावरून जात होती, ती मध्येच वळली आणि दुसऱ्या बाजूने गेली. मला भीती वाटली. विहिरीच्या काठावर बसून मी उगाच लहानपणी गेलेल्या माझ्या मोठ्या बहिणीचा चेहरा आठवत बसलो. तो मला कधीच आठवत नाही. त्या दिवशी तिची नुसती वेणी आठवली, लाल फीत बांधलेली. हे मी मामांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, त्यांना बरं वाटलं असतं.

डुकरं आली नाहीत. त्या आठवड्यात नाहीत, पुढच्याही नाहीत. शेजाऱ्याने कार्ड मागितलं, मग त्याच्या शेजाऱ्याने. मामा अधूनमधून नवं वाजवायचे, मी ते भरून द्यायचो. भरताना आवाज बंद ठेवायचो, हे सांगून टाकतो.

त्या हिवाळ्यातल्या संध्याकाळी मला अजून स्वप्नासारख्या वाटतात. दिवस मावळतीला लागला की मामा लाल कोट घालून गाडीवाटेवर येऊन उभे राहत. कधी मीही असे. आधी ओढ्यापलीकडचा भोंगा सुरू व्हायचा. मग डावीकडचा. मग अगदी लांब, रुळांच्या बाजूचा. प्रत्येकाचं घड्याळ थोडं पुढेमागे, त्यामुळे एकाच माणसाचं वाजवणं शिवाराच्या चारी कोपऱ्यांतून वेगवेगळ्या जागी पोचलेलं असायचं. इथे सूर चढत असायचा, तिथे तोच सूर उतरत असायचा. धुकं जमिनीपासून गुडघाभर चढलेलं. त्यात मामा डोळे मिटून उभे, बोटं कोटाच्या शिवणीवर हलत असलेली. पूर्णेकडे जाणारी गाडी मध्येच धडधडत निघून जायची आणि ती गेल्यावर शिवार पुन्हा मामांचं व्हायचं. लग्नात त्यांना एवढी जागा कुणी दिली नव्हती.

"डुकरं तरी शेवटापर्यंत ऐकतात का, मामा?" मी एकदा चिडवलं.

"न्हाई," ते गंभीरपणे म्हणाले. "ती बी मधातूनच जायलेत."

या सुखाला दृष्ट लागली ती अण्णांमुळे. अण्णा म्हणजे त्या गावच्या देवळाचा भोंगा सांभाळणारे गृहस्थ. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आणि बारा एकर ज्वारी. सप्ताह सुरू होता. अण्णांनी माझ्याकडून दोन कार्डं नेली, एकात देवळासाठी हरिपाठ आणि काकडा, दुसऱ्यात शेतासाठी मामा. दोन्ही कार्डं नखाएवढी, दोन्ही काळी. अण्णांनी ती एकाच खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी ठेवली. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

संध्याकाळी शेतात टायमरने आपलं काम केलं आणि हरिपाठ सुरू झाला. डुकरांनी त्या मंगल वातावरणात पोटभर ज्वारी खाल्ली. पहाटे अण्णांनी आंघोळ करून देवळातला भोंगा लावला, आणि झोपेतल्या गावावर चार दिशांनी मामा सुटले. म्हशींनी दावी तोडली. कुत्री ओरडायची सोडून चुलीमागे जाऊन बसली. कुणी म्हणालं, धरण फुटलं. कुणी म्हणालं, सरपंच गेले. सरपंच स्वतःच दार उघडून बाहेर आले तरी म्हणणारा ऐकेना. एका सासूने सुनेची माफी मागितली, ती उजाडल्यावर परत घेतली. अण्णा मात्र देवळात हात जोडून उभे होते. त्यांना वाटलं, देवच काहीतरी सांगतोय, आणि देव बोलत असताना बटण बंद कसं करायचं?

हसून घ्या. मीही पुष्कळ हसलो. पण दुपारी देवळाच्या सभामंडपात बैठक बसली तेव्हा कुणी हसत नव्हतं. माणसं भ्याली होती, आणि भ्यालेलं दुसऱ्याने पाहिलं याचा राग त्यांना जास्त होता. एकजण म्हणाला, बायामाणसं सांजच्याला रानातून येतात, त्यांना ही धास्ती कशाला? दुसरा म्हणाला, शिवारात वाईट काही बोलावल्यासारखं वाटतं. अण्णाही खाली मान घालून म्हणाले, "मामा, वाजवणं चांगलं हाय तुमचं. पर जीव घाबरतो." मामा खांबाला टेकून उभे होते. कुणीतरी विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? ते म्हणाले, "ऐकलं का पण कुणी शेवटापर्यंत?" गावाने ठरवलं, भोंग्यातून हे वाजवायचं नाही.

मामांनी वाद घातला नाही. मी शेतोशेती जाऊन कार्डं बदलली, पुन्हा कुत्री आली. पंधरवडा गेला नसेल, एकेक शेतकरी दुकानात यायला लागला. येताना इकडेतिकडे बघायचा, आधी टॉर्चची किंमत विचारायचा, मग हळूच म्हणायचा, "ते मामाचं हाय का अजून? आवाज बारका ठेवून लावतो." सगळ्यात आधी आलेले अण्णाच होते. महिनाभरात शिवार पुन्हा तसंच वाजायला लागलं, फक्त जरा दबक्या आवाजात, आणि आपल्या शेतात ते वाजतंय हे कुणी कबूल करायचं नाही. शेजाऱ्याच्या शेतातलं ऐकू येतंय म्हणायचं.

मामांना याची गंमत वाटली, पण पूर्वीसारखा आनंद झाला नाही. बैठकीत मामीही होत्या, बायकांच्या बाजूला. कुणी काही बोललं तेव्हा त्या जमिनीकडे बघत होत्या. ते मामांना लागलं होतं.

म्हणून मी एकदा धीर करून मामींनाच विचारलं. मामा पाणी द्यायला गेले होते, मामी चहा करत होत्या. म्हणालो, "मामी, एकदा बसा ना. त्यांचा जीव आहे त्यात."

त्यांनी चूल सारखी केली. मग म्हणाल्या, "भाऊ, मी नवीन आले तवा ह्यांचं वाजवणं कसं व्हतं म्हणून सांगू. हे वाजवायलेत म्हणलं की पोरी भिंतीवर चढायच्या. मी माहेरी मिरवायची. ते दातासंगं गेलं. आता हे जे नळीतून येतं ते कोण हाय? ह्यांचा आवाज न्हाई तो. आपल्या माणसाच्या तोंडातून परका माणूस बोलायलाय असं वाटतं. कसं बसू मी तितं?"

मामा दारात उभे होते, पाय चिखलाने भरलेले. त्यांनी ऐकलं होतं. आत येऊन खाली बसले आणि चहाचा कप घेत म्हणाले, "मीच हाय ग." मामींनी साखर किती घालू म्हणून विचारलं, जणू चहा अजून व्हायचा होता.

पुढच्या हिवाळ्यात मामांचं छातीचं दुखणं बळावलं. परभणीच्या डॉक्टरांनी फुंकायचं नाही म्हणून बजावलं. घरी येताना मामा माझ्या दुकानावर उतरले, बाकावर बसून दम घेतला आणि म्हणाले, "या तुमी उद्या सांजच्याला. ह्या खेपेला शेवट मोठा करायचाय."

मी नाही म्हणालो. डॉक्टरांचं नाव घेतलं, मामींचं घेतलं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "न्हाई वाजवलं तर काय मी ऱ्हाणार हाय का?" मी गेलो. त्यांनी उभं राहून वाजवायला सुरुवात केली, मग बांधावर बसून वाजवलं. मामी आखाड्यातून सूप घेऊन घराकडे निघाल्या होत्या, जाताना वळून एकदा बघितलं. फोन बांधावर ठेवून मी नेहमीप्रमाणे मोटारीकडे गेलो. परत आलो तेव्हा संपलं होतं. त्यांनी माझा हात धरला, पण बघायला अंधार झाला होता, म्हणून नुसताच धरून ठेवला.

ते कार्ड त्यांनी स्वतःच्या शेतातल्या भोंग्यात बसवून घेतलं. थोड्याच दिवसांत, माघात, ते गेले. सकाळी उठलेच नाहीत. त्यांना नेताना बँड लावावा असं कुणीतरी सुचवलं, पण कुठल्या बँडला बोलवायचं ते ठरेना, आणि वेळ निघून गेली. भजन म्हणत नेलं. अण्णा पुढे होते आणि त्यांना मध्येच अभंगाची ओळ आठवेना.

तिसऱ्या दिवसापासून शेतकरी दुकानात यायला लागले. आता कुणी टॉर्चची किंमत विचारत नव्हतं. "भाऊ, ते बदला. गेलेल्या माणसाचं वाजवणं सांजच्याला रानात नको वाटतं." त्यांचं काही चुकलं नाही. जिवंत मामांना भिणारी माणसं, ती मेलेल्या मामांना कशी सोसणार? मी पुन्हा शेतोशेती निघालो. बांबूजवळ जायचं, कार्ड काढायचं, दुसरं बसवायचं, बॅटरी बघायची. एकेका कोपऱ्यातून मामा कमी होत गेले. ओढ्यापलीकडचे गेले, डावीकडचे गेले, रुळांजवळचे गेले. हे काम मला फार जड गेलं. कार्डं मी शर्टाच्या खिशात टाकत होतो आणि तंबाखू खात नसूनही दर वेळी खिसा चाचपत होतो.

शेवटी त्यांचंच शेत राहिलं. पोचलो तेव्हा दिवस कलला होता. वाटलं होतं मामी गावात शेजारच्या ओट्यावर असतील. त्या बांधावर बसल्या होत्या, भोंग्यापासून हाकेच्या अंतरावर. जवळ सूप नव्हतं.

"मामी, कार्ड बदलायला आलो होतो. हे काढून टाकतो, म्हणजे तुम्हाला त्रास नको."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसलो. टायमरचा बारीक खटका झाला आणि मामा सुरू झाले.

सांगायला नको, भीती वाटली. उघड्यावर, एवढ्या जवळून मी ते कधी ऐकलं नव्हतं. सूर वर गेला, फटीत उतरला, तिथे राहिला. मामींनी दोन्ही हातांनी बांधावरचं गवत धरलं होतं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. एकदा त्या उठायला झाल्या, अर्ध्या उठल्यादेखील. मला वाटलं, गेल्या. त्या परत बसल्या. धुकं ज्वारीतून हळूहळू वर येत होतं. सूर कितीतरी वेळ भटकला, मग थकला, बारीक होत होत ओळखू येईनासा झाला. मी म्हटलं, आता येईल. मामा म्हणायचे ते आता येईल. सूर थांबला. पुढे काहीच नव्हतं. नळी बाजूला ठेवल्याचा आवाज झाला, आणि भोंग्यातून दम लागलेल्या माणसाचा श्वास ऐकू यायला लागला. जोरजोरात, मग सावकाश, मग अगदी सावकाश. रेकॉर्डिंग बंद करायला मी तिथे नव्हतो, म्हणून तो राहून गेला होता. आधी ऐकला असता तर धंद्याच्या सवयीने मी तो खरखर समजून कापला असता.

मामी मान वर करून भोंग्याकडे बघत होत्या.

"हेच हायेत," त्या म्हणाल्या. "पाण्याची घागर घेऊन वर आले की असाच दम लागायचा त्यायला."

श्वास संपला. थोडी खरखर झाली आणि कार्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, तोच घशातला सूर.

"लय भ्या वाटायलंय, भाऊ," मामी म्हणाल्या. त्यांनी पदर कानांवरून घट्ट ओढून घेतला, पाय पोटाशी घेतले आणि शेवट यायची वाट बघत तिथंच बसून राहिल्या.